आसनक्षमता अठ्ठावीस

१९८२ च्या जानेवारीत मोहोळहून सोलापूरला येणाऱ्या एसटीत माझे यजमान यशपाल माझ्या शेजारी बसले होते. लग्नाला नऊ दिवस झाले होते. समोर 'धूम्रपान करू नये' अशी पाटी होती आणि पाटीखाली कंडक्टर निवांत विडी ओढत होता. यशपालनी खिशातून विडी काढली. पाटीकडे पाहिले नाही, कंडक्टरकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहून विचारले, "चालंल का?" मी कॉन्व्हेंटात शिकलेली. परवानगी मागणारी माणसे तोवर मला फक्त इंग्रजीच्या धड्यांत भेटली होती. मी म्हणाले, "चालेल, पण धूर खिडकीबाहेर सोडा." पुढची बत्तीस वर्षे त्यांनी माझ्या तोंडावर धूर सोडला नाही.

मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असे वकीलसाहेबांचे मत आहे. मृत्युपत्र माझे आहे.

तर मी, श्रीमती दीक्षा यशपाल शिवशरण, वय वर्षे सहासष्ट, राहणार सोलापूर, हे पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डॉ. यास्मीन यांनी मला आजची तारीख आणि सतरा नव्वे किती ते विचारले. दोन्ही बरोबर आले. माझ्या उजव्या फुप्फुसावर डाग आहे, डोक्यावर नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू शकेल असा एकच माणूस आहे, माझा एकुलता एक मुलगा बुद्धभूषण, आणि तो गेली सहा वर्षे माझ्या हॉटेलचा उंबरा ओलांडत नाही. हे मृत्युपत्र मुख्यतः त्या उंबऱ्यासाठी आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

एक. माझ्या मालकीचे 'हॉटेल शिवशरण', अक्कलकोट रोड एमआयडीसी, जागेसह, सात बाकडी, भांडी, चुली आणि पाटीसह. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतली माणसे पाळी सुटली की इथे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खायला येतात. हे मी आणि यशपालनी १९८६ साली सुरू केले. जेवण झाले की विडी, हा तिथला रिवाज होता. मी तेव्हापासून खोकत आले आणि तेव्हापासून तक्रार करत आले. फक्त ती तक्रार मी नवऱ्याकडे करत असे, खात्याकडे नाही.

पाटीविषयी. २००९ साली सरकारने कळवले की हॉटेलात विडी ओढायची नाही, तशी पाटी लावायची आणि तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव पाटीवर लिहायचे. आमचे पेंटर गुरप्पा यांनी विचारले, "नाव कुणाचं टाकू?" यशपाल म्हणाले, "हिचंच टाक. तक्रारीचा अनुभव हिलाच हाय." अशा रीतीने मी माझ्याच हॉटेलविरुद्धची तक्रार अधिकारी झाले. पगार नव्हता, आणि पाटीखाली विड्या चालूच राहिल्या.

यशपाल २०१४ साली गेले. दाखल्यावर डॉक्टरांनी 'हृदय' लिहिले, बुद्धभूषणने ते 'विडी' असे वाचले.

दोन. हॉटेलच्या मागची छोटी खोली आणि तिच्यातला धूर बाहेर फेकणारा पंखा. ज्या हॉटेलात तीस माणसे बसू शकतात, तिथे धूम्रपानासाठी वेगळी खोली करता येते, असे नियमात लिहिलेले मी स्वतः वाचले. तीस माणसे असली की धुराने काही होत नाही, एकोणतीस असली की होते, हे शास्त्र आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी आम्हाला शिकवले नव्हते. मी कर्तव्य म्हणून खोली बांधली, चार भिंती, आपोआप बंद होणारे दार, पंखा. मग निरीक्षकसाहेब आसनक्षमता मोजायला आले. सात बाकडी, बाकड्यावर चार, अठ्ठावीस.

आमचे जुने गिऱ्हाईक चांदसाब, यंत्रमागावर चाळीस वर्षे काढलेले, ते जेवता जेवता उठले. "चार कसले, साहेब? आमी पाच बसतो की! ए, सरका रे तिकडं. हं, बघा. झाले का पाच? पोट आत घेतलं तर अजून एक बसतंय."

साहेबांच्या डोळ्यांदेखत पस्तीस माणसे बसली. साहेबांनी अठ्ठावीस लिहिले. "बाई, सरकारी माप चारचं आहे."

मी म्हणाले, दोन खुर्च्या आणते. ते म्हणाले, जागेचे क्षेत्रफळ तेवढे नाही. एका बाकड्यावर पाच माणसे आनंदाने जेवतात ही गोष्ट सरकारला कळवण्याची सोय फॉर्ममध्ये नव्हती.

खोली तशीच राहिली. तिथे कोणी धूर करायचा नाही आणि पंखा उत्तम, म्हणून दुपारी मीच तिथे पुस्तक घेऊन बसू लागले. धूम्रपानाची खोली ही माझ्या हॉटेलातली सर्वांत स्वच्छ हवेची जागा ठरली. सदर पंखा मी त्या निरीक्षकसाहेबांना देते. आसनक्षमता मोजताना त्यांना फार घाम येत होता.

तीन. आता बुद्धभूषण. तो पुण्याला आरोग्य खात्यात आहे आणि गावोगाव तंबाखूमुक्तीवर बोलतो. छान बोलतो, वक्तृत्व मी शिकवले. २०१९ साली तो आला आणि दारातूनच म्हणाला, "आई, बाहेर ये. मी आत येणार नाही."

"का? आत वाघ आहे का?"

"बाबा आहेत आत. त्यांचा धूर आहे. हॉटेल तुझं असेल, पण फुप्फुसं तुझ्या एकटीची नाहीत."

"मग कोणाची? तुझ्या खात्याची?"

त्याने दारातूनच पाठ फिरवली. पुण्याला जाऊन रीतसर तक्रार केली आणि पाटीवरच्या नियमाप्रमाणे ती तक्रार अधिकाऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे, रजिस्टर पोस्टाने आली. 'महोदया, आपल्या आस्थापनेत' अशी सुरुवात. मी चौकशी केली, स्वतःचा जबाब घेतला, स्वतःला ताकीद दिली आणि तसे त्याला लेखी कळवले. त्याला ते विनोदी वाटले नाही. त्या दिवसापासून तो सोलापूरला येतो, घरी थांबतो, मला दवाखान्यात नेतो, पण हॉटेलसमोर आला की रस्त्याच्या पलीकडे, रुमाल नाकाला लावून उभा राहतो.

तो बरोबर होता. हे मी इथे पहिल्यांदाच लिहिते, कारण तो वाचेल तेव्हा "बघ, मी म्हणत होतो" असे म्हणायला समोर मी नसेन.

चार. हॉटेलची खरी मालकीण. चंद्रव्वा, मूळची अक्कलकोटकडची, माझ्याकडे सोळा वर्षे भाकरी करते. त्याआधी ती सुपात पाने घेऊन विड्या वळायची. सरकारने तिला विडी कामगार म्हणून फोटोसह ओळखपत्र दिले. विडी वळली तर ओळखपत्र, पेटवली तर दंड. मधल्या वेळेत विडीने काय करावे, याचे परिपत्रक अजून आलेले नाही.

२०२३ साली, एका दुपारी, मी स्वातंत्र्यावर बोलत होते. विडी ओढायची की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे, सरकारने माझ्या चार भिंतींत नाक खुपसू नये, वगैरे. चंद्रव्वा पीठ मळता मळता थांबली.

"बरं, अक्का. ज्याचं त्यानं ठरवावं. मग माझा खोकला कुणी ठरवला? मला कुणी इचारलं व्हय?"

मी तोपर्यंत सरकारने मला विचारले नाही म्हणून चौदा वर्षे रुसले होते.

दुसऱ्या दिवशी ती भाकरीचे टोपले घेऊन दारात उभी राहिली. "आत विडी पेटली की भाकरी बंद. भाईर वढा, आत जेवा." कोणीतरी कुरकुरले. चांदसाब म्हणाले, "गप रे. आमच्या घरी सरदारबीचाबी हाच कायदा हाय." आणि विडी कानावर अडकवून जेवायला बसले. पाटी, दंड, निरीक्षक यांना जे चौदा वर्षांत जमले नाही, ते एका दुपारी झाले. त्याच आठवड्यात मला जुन्या पाहणीबद्दल दंडाची नोटीस आली, हे ओघाने आलेच.

गेली दोन वर्षे माझ्या हॉटेलात धूर नाही. बुद्धभूषणला मी तीनदा सांगितले. तो म्हणतो, "आई, आत बसून जगाला हेच सांगणारे मालक मी रोज पाहतो." आत येऊन बघ म्हटले तर खिशातून रुमाल काढतो.

पाच. वाटप असे.

हॉटेल, कलम एकमध्ये लिहिल्याप्रमाणे, चंद्रव्वाला. तिथे काय चालेल आणि काय चालणार नाही, ते कायद्याने ठरवून जे उरेल ते तिने ठरवावे, माझ्या आठवणीने नव्हे.

कडुनिंबाखालचे बाहेरचे बाकडे चांदसाबना. ते त्यांनी घरी न्यावे आणि त्यावर बसून सरदारबीच्या परवानगीने हवे ते करावे.

माझी इंग्रजी पुस्तके माझ्या शाळेच्या ग्रंथालयाला. त्यांना धुराचा वास येणार नाही.

राहते घर, बँकेतली शिल्लक आणि माझे दागिने बुद्धभूषणला, पूर्णपणे, कोणाचाही वाटा न ठेवता. घराचे मूळ कागद मात्र चंद्रव्वाच्या ताब्यात आहेत. ते त्याला घरी, दवाखान्यात, वकिलांकडे किंवा रस्त्याच्या पलीकडे देऊ नयेत. त्याने हॉटेलात आत यावे, बाकड्यावर इतर चौघांबरोबर पाचवा बसावा आणि पूर्ण जेवावे. घाई केली तर कागद दुसऱ्या दिवशी. चटणी तिखट लागली तर त्याने गूळ मागावा, लहानपणी मागायचा. तो मागेपर्यंत चंद्रव्वाने स्वतःहून देऊ नये.

सही: दीक्षा यशपाल शिवशरण

आम्हा दोघांसमोर दीक्षाताईंनी हे वाचून दाखवले व सही केली. मध्ये दोनदा खोकल्या, एकदा हसल्या. आम्हाला यात काहीही मिळालेले नाही.

साक्षीदार १: डॉ. यास्मीन शेख
साक्षीदार २: गुरप्पा बिराजदार, पेंटर

सोलापूर, दि. २१ ऑगस्ट २०२५