पडवळाला बांधलेली खडी

प्रिय स्वरूप,

परवा फोनवर तू विचारलंस, "ताय, रस्ता कसा वाटतो?" आणि मी तोंड उघडायच्या आत तुझी रेंज गेली. शहापुरात एवढे टॉवर असून माझ्या उत्तराच्या वेळीच ती कशी जाते, कोण जाणे. म्हणून हे पत्र. हे मध्येच कट करता येत नाही.

तर रस्ता. गावापासून वैशाखरे नाक्यापर्यंतचा रस्ता माझ्या ठेकेदार भावाने केला, हे मी मार्चमध्ये घरोघरी पेढे वाटून सांगितलं होतं. नारळ फुटला, फोटो निघाले, बोर्ड लागला. बोर्ड अजून उत्तम आहे. चार महिन्यांच्या उन्हापावसाने त्याचं काही बिघडलं नाही. रस्ताही त्याच कारागिराकडून करून घ्यायला हवा होतास. मे महिन्यात डांबर चपलांना चिकटून लोकांच्या ओटीवर पोचलं. जुलैत खडी सुटली. आता श्रावणात रस्ता दोन्ही कडांना आहे, मध्ये नाही.

हे दिवस पडवळाचे. वाकड्या पडवळाला कल्याणच्या बाजारात कुणी हात लावत नाही, म्हणून ते कोवळं असतानाच टोकाला दगड बांधायचा आणि सरळ वाढवायचं. आईच्या मांडवात हे काम तुझं असायचं. यंदा दगड शोधायला मला ओहोळात उतरावं लागलं नाही. दारासमोर तुझी खडी पडली आहे, एका मापाची, पावसाने स्वच्छ धुतलेली. साऱ्या गावाच्या मांडवांना तीच टांगली आहे. 'शेतमालासाठी रस्ता' असं बोर्डावर लिहिलंय, ते खोटं आहे असं कोण म्हणेल? फक्त तुझ्या खडीने सरळ झालेलं पडवळ तुझ्याच खडीवरून बाजारात जाताना मोडतं, एवढीच काय ती अडचण.

खड्ड्यांचं मी बोलतच नाही. ते कुठे नाहीत? पण ओहोळाखालची मोरी कुठे गेली रे? जुन्या रस्त्याला दगडी मोरी होती, पाणी तिच्यातून निमूट जायचं. तू ती मोडलीस, वरून डांबर फिरवलंस आणि पाण्याने कुठून जायचं ते पाण्यावर सोपवलंस. ते आता रस्त्यावरून जातं. धाऊची जीप पलीकडेच थांबते, आणि बायका डोक्यावर पाट्या घेऊन गुडघाभर पाण्यातून जीप गाठतात.

मंगळवारी शेजारची वंदना घसरली. पाटी उलटली, तिची पडवळं तुकड्यातुकड्यांनी वाहून चालली. गुडघा फुटला. मी धावले, हात दिला, तर ती माझ्याकडे न बघता म्हणते, "नाय गो काकी, माझाच पाय वाकडा पडला. रस्त्याचं काय नाय त्यात." पलीकडून धाऊ ओरडला, "रस्ता ब्येस हाय काकी, आमची गाडीच जुनी झाली." याच धाऊने जुन्या रस्त्याला दिलेल्या शिव्या मी पंधरा वर्षं ऐकल्या आहेत.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. महिनाभर मी जीपपाशी पोचले की बोलणं थांबतं. कुणी पदर पिळतं, कुणी आभाळाकडे बघतं. गुणाबाई शिव्या देताना देवालाही सोडत नाही, ती माझ्यासमोर म्हणते, "यंदा पाऊसच लय पडला." अरे, त्यांनी तुला शिव्या दिल्या असत्या तर मी तुझी बाजू घेऊन भांडले असते. भांडण मला जमतं. पण माझी लाज राखायला सगळं गाव खोटं बोलतंय, त्याच्याशी मी कसं भांडू? वर वंदनाने हाती लागलेले तुकडे माझ्याच पदरात टाकले. म्हणाली, "तुमचा भाऊ येल ना राखीला, त्याला भाजी करा." भाजी केली. मीठ जरा जास्त पडलं तर ताट सरकवणारे तुझे दाजी त्या दिवशी अळणी भाजी निमूट जेवले. म्हणजे घरातही तेच.

पाकिटात राखी आहे. इतक्या वर्षांत मी ती कधी पोस्टात टाकली नाही, तू दर वर्षी साडी घेऊन येतोस आणि रंग चुकला म्हणून माझी बोलणी खाऊन जातोस. यंदा येऊ नकोस. साडीही नको. ती नेसून मला त्याच पाण्यात उतरायचं आहे. मोरी टाक. ओवाळणी म्हणून टाक, पण आधी टाक. ती झाली की ही राखी घेऊन ये. महिना कुठलाही असू दे, मी तबक घेऊन ओहोळापाशी उभी राहीन, आणि वंदनाला शेजारी उभी करीन. पाकीट जड लागलं असेल. राखीच्या दोऱ्याला तुझ्या रस्त्याची एक खडी बांधली आहे. गाठ आईच्या मांडवातलीच आहे, तुला ओळखू येईल.

तुझीच, अजून तुझ्याच बाजूची,
चंद्राताई