राक्षसाचा श्वास कुणाचा

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सिनेमा लागला एकदाचा! पंधरा थिएटरं, त्यातही सगळे सकाळचे खेळ. दिग्दर्शकाचा फोन — "लोक काय लिहितायत ते तू वाच. माझ्यात धीर नाही. चांगलं असेल तेवढंच मला सांग." म्हणजे शिव्या मी खायच्या आणि साखर याच्या तोंडात घालायची. आवाजाचं काम करणाऱ्या बाईकडे हेही खातं असतं, मला माहीत नव्हतं.

वाचलं सगळं. "हे अंतराळयान आहे की गच्चीवरची पाण्याची टाकी?" (टाकीच आहे. दोन जोडल्यात, आतून चंदेरी कागद.) "राक्षस वळला तेव्हा पाठीवरची चेन दिसली." (दिसते. मी तेव्हाच बोंबलून सांगितलं होतं.) "पहिल्या भागात सगळे मरतात हे माहीत असताना त्याच्या आधीची गोष्ट बघायला दोन तास कोण बसेल?" हा प्रश्न मलाही पडला होता.

पण एक गोष्ट जो तो लिहितोय. श्वास! अंधारात राक्षस दिसत नाही, नुसता त्याचा श्वास ऐकू येतो. चालू असतो, चालू असतो आणि मधेच थांबतो. "तो थांबला की आपलाही थांबतो." "आम्ही खिदळत होतो. श्वास थांबला आणि अख्खं थिएटर गप्प."

बारक्याला फोन करून वाचून दाखवलं. माझा धाकटा भाऊ, बस चालवतो. राक्षसाचा श्वास म्हणजे त्याचं घोरणं! ऑगस्टमधल्या एका रविवारी जेवून आडवा झाला होता, तेव्हा त्याला सांगूनच उशीशी माइक ठेवला. नंतर आवाज थोडा जड केला, बाकी काही नाही. "ताई, मग पोस्टरवर माझं नाव कुठाय?" म्हणतो. मागून भावजय ओरडली, "मी हा सिनेमा रोज फुकट बघते!"

पोट धरून हसलो तिघं.

८ नोव्हेंबर

डोकं ठणकतंय. हल्ली उठल्या उठल्या ठणकतं. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

१० नोव्हेंबर, सोमवार

'स्टॉपवॉच' नावाने लिहिणारा एक पठ्ठ्या आहे. त्याचं जसंच्या तसं उतरवून ठेवते — "चित्राच्या नावाने बोंब आहे, पण आवाजवाल्यांना दंडवत. मी घड्याळ लावून मोजलं. पहिल्या भागात राक्षसाचा श्वास सव्वीस सेकंद थांबतो. इथे चौदा. ही आधीची गोष्ट, म्हणजे राक्षस तरुण, म्हणून थांबणं कमी. पण थांबायची पद्धत तीच. सुरू होतानाचा तो गुदमरल्यासारखा झटकाही तोच. रोग एकच, वय वेगळं. काय बारीक काम केलंय!"

दिग्दर्शकाला वाचून दाखवलं तर उड्याच मारायला लागला. "तू हे ठरवून केलंस?" मी हो म्हणाले. खोटं बोलले. मी काहीही ठरवलेलं नव्हतं. फाइली जशा होत्या तशा लावल्या. थांबण्याच्या जागांना तर हातही लावला नाही, ना या वेळी ना त्या वेळी.

आणि पहिल्या भागातला श्वास बाबांचा आहे. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बारक्यालाही नाही.

११ नोव्हेंबर

काम सुचत नाही.

चार वर्षांपूर्वीची दुपार. बाबा झोपले होते, मी हेडफोन लावून त्यांच्या पलंगाशी खाली बसले होते. त्यांना विचारलंही नव्हतं. श्वास थांबला तेव्हा आधी वाटलं रेकॉर्डरच बंद पडला. बघितलं तर चालू. आणि मग मला — लिहितेच आता — मला आनंद झाला! असा आवाज कुठे शोधून मिळत नाही, म्हणून आनंद. आपल्या कपड्यांची सळसळ त्यात येऊ नये म्हणून मी अजिबात हलले नाही. सव्वीस सेकंद माझा बाप श्वास घेत नव्हता आणि मी पुतळ्यासारखी बसून होते.

पाच महिन्यांनी असेच दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. सगळे म्हणाले, नशीबवान. झोपेत गेले, त्यांना कळलंही नाही. मीही आल्यागेल्याला तेच सांगत होते.

१२ नोव्हेंबर

स्टॉपवॉचच्या खाली आज एका बाईने उत्तर लिहिलंय. दोनच ओळी. "मी झोपेच्या तपासणी केंद्रात काम करते, हा आवाज रोज ऐकते. हा नट नाही, पेशंट आहे. ज्यांनी रेकॉर्ड केलं त्यांनी कृपा करून त्या माणसाला डॉक्टरकडे न्या."

त्याखाली अठ्ठावीस जणांनी हसणारी तोंडं टाकलीत. एकाने लिहिलंय, "राक्षसाला कुठल्या वॉर्डात ठेवणार?"

बारक्या चहाचा कप हातात धरून पेंगतो. बोलता बोलता त्याची मान पडते. आम्ही म्हणतो, बाबांवर गेलाय! बाबांवर गेलाय म्हणून हसतो आम्ही! आणि तो सकाळी सहाला साठ माणसं घेऊन निघतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बारक्याच्या घरी गेले. सरळ सांगितलं, तपासून घे. आधी थट्टा. "घोरणं हा आजार असेल तर निम्म्या डेपोला खाटा लागतील." मग चिडला. "डेपोत कळलं तर गाडीवरून उतरवतील मला. कुठेतरी पास तपासत बसवतील. तुझ्या त्या टाकीच्या सिनेमापायी?" मीही चढले. नाकावर माशी बसू न देण्यात आम्ही दोघं सारखेच. भावजय दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "ताई, मी हलवते हो त्याला. खूप थांबला की हलवते. मला वाटायचं सगळ्यांच्याच नवऱ्याचं असं असतं."

१४ नोव्हेंबर

फोन उचलत नाही, गाढव.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज भावजयीने त्याला स्टुडिओत आणून सोडलं आणि स्वतः बाहेर बसली. काल काय झालं ते तिनेच सांगितलं, तो मान खाली घालून होता. भर दुपारी, सिग्नलला गाडी उभी. सिग्नल सुटला, मागून भोंगे, आणि हा स्टिअरिंगवर हात ठेवून झोपलेला. कंडक्टरने येऊन दंड हलवला. ब्रेकवरचा पाय सुटला नव्हता म्हणून बरं. पुढे शाळेची पोरं रस्ता ओलांडत होती.

मी हेडफोन त्याच्या कानावर चढवले. आधी त्याचा श्वास लावला. चौदा सेकंदांच्या जागी तो माझ्याकडे बघायला लागला. मग दुसरी फाइल लावली, जुनी, काहीही न केलेली. सिनेमात जड केल्यावर कुणाला ओळखू आला नसता. हा मात्र लगेच ओळखू येतो. दोन श्वासांतच त्याचा चेहरा पडला.

"बाबा?"

सव्वीस सेकंद जाईपर्यंत त्याने डोळे मिटले नाहीत. बाबांचा झटका आला, श्वास सुरू झाला, तेव्हा रडायला लागला. चाळिशीतला माणूस, हमसून हमसून. मग हेडफोन काढून विचारलं, "तू तिथे बसली होतीस?"

हो म्हटलं.

"उठवलं नाहीस?"

नाही म्हटलं.

तो निघून गेला. मी अडवलं नाही. कुठल्या तोंडाने अडवणार?

१७ नोव्हेंबर

दिवसभर फोनकडे बघत होते. दिग्दर्शकाचे तीन आले. लोक श्वासाचे तुकडे कापून एकमेकांना पाठवतायत म्हणे. घाबरवायला.

१९ नोव्हेंबर

भावजयीचा निरोप — उद्या तपासणी आहे, तो म्हणतोय ताईलाही ये म्हणावं. माझ्यावर चिडला असेल तर चिडू दे, जन्मभर चिडू दे. जगू दे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

तपासणी झाली. रिपोर्ट वाईट, पण वेळेत आलाय, असं डॉक्टर म्हणाले. झोपताना नाकावर लावायचं यंत्र दिलंय, हवा आत ढकलणारं. बस सध्या बंद. डेपोत टेबलाशी बसायचं, यंत्राची सवय झाली की पुन्हा तपासून बघतील. यंत्र चढवून आरशात बघितलं आणि म्हणाला, "आता दिसतो खरा राक्षस. त्या चेनवाल्यापेक्षा बरा." माझ्याकडे बघून म्हणाला. माझ्याशी बोलला!

तिथे वाट बघताना बाकावरच माझा डोळा लागला होता. जागी झाले तर तिथली तंत्रज्ञ बाई समोर उभी. सिनेमाखाली लिहिणारी हीच असेल का? विचारायचा धीर झाला नाही. तिने मात्र विचारलं, "तुमची कधी तपासणी केलीय?" मी म्हटलं, छे, मी घोरत नाही. ती म्हणाली, "कोण सांगतं तसं?"

माझ्या घरात मी एकटीच.

२२ नोव्हेंबर

दिग्दर्शक पेढ्यांसारखी बातमी घेऊन आला — तिसरा भाग पक्का! त्याच्याही आधीची गोष्ट, राक्षसाचा जन्म. "श्वास पुन्हा तुझाच." मी म्हटलं, बघू.

डोकं ठणकतंच आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

जेवून आडवी झाले. उशीशी माइक ठेवला.

आत्ता ऐकलं. एका ठिकाणी वाटलं रेकॉर्डर बंद पडला. बंद नव्हता, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक त्यात नीट येतेय. टिकटिक मोजली. अडतीस.

पुन्हा मोजली. अडतीसच.

हलवून उठवायला इथे कुणी नाही. बारक्याला फोन केला. म्हटलं, आत्ताच्या आत्ता ये.