शमिकाचा जबाब

४ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची भोपाळला! वर्ध्याहून निघताना आईचे डोळे भरून आले, मला मात्र हसू आवरत नव्हतं. अशोका गार्डन भागात खोली मिळाली आहे, रेल्वेलाइनच्या इतकी जवळ की मालगाडी गेली की फडताळातले पेले किणकिणतात. खाली कोपऱ्यावर पोहे-जलेबी मिळते. पोह्यांवर शेव आणि वर बडीशेप, हे मला नवीनच. घरमालकीण अमरावतीची आहे. "मैंने बोला था ना" म्हणत सुरुवात करते आणि वाक्य मराठीत संपवते.

वकील प्रभाकर खानझोडे यांच्याकडे ज्युनिअर म्हणून रुजू झाले. सरांचे वडील सरकारी ऑफिसबरोबर नागपूरहून इकडे आले आणि इथलेच झाले. सर म्हणाले, सुरुवातीला खेड्यापाड्यांतल्या कोर्टांतून जुन्या कागदांच्या नकला आणायच्या, त्यातून वकील घडतो. मला पटलं. नवीन काळा कोट इस्त्री करून टांगला आहे.

७ नोव्हेंबर, गुरुवार

पहिलं काम मिळालं. इथल्या इंद्रपुरीत मनोरमाबाई म्हणून राहतात. यजमान कारखान्यात होते, ते गेल्यापासून एकट्याच आहेत. त्यांची मोठी मुलगी शमिका २००६ साली सिलोदा या तहसीलच्या गावी, सासरी, भाजून गेली. नवरा आणि सासूवर खटला झाला, दोघंही निर्दोष सुटले. शमिकानं मरण्यापूर्वी दवाखान्यात जबाब दिला होता. त्या जबाबाची नक्कल बाईंना हवी आहे. तिचे शेवटचे शब्द जवळ असावेत म्हणाल्या.

त्यांनी आग्रहानं साबुदाण्याची खिचडी खायला घातली. गुडघे दुखतात, कोर्टाच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून अर्ज सरांच्या मार्फत माझ्या नावानं करायचा ठरलं. निघताना माझे दोन्ही हात धरले. त्यांचे तळवे विलक्षण गरम होते.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

कोर्टाचं रेकॉर्ड सार्वजनिक असतं असं कॉलेजात शिकवलं होतं. सार्वजनिक म्हणजे काय ते सिलोद्यात येऊन कळलं. नक्कल शाखेत म्हणाले, केस नंबर आणा. नंबर रेकॉर्ड रूममध्ये. रेकॉर्ड रूमवाले म्हणाले, नक्कल शाखेची चिठ्ठी आणा. चिठ्ठी देणारा माणूस भाचीच्या लग्नाला गेलेला. व्हरांड्यात माझ्यासारखी कितीतरी माणसं बसली होती. एक म्हातारी सोबत आणलेली भाकरी फडक्यातून सोडून जेवत होती. इथं पिढ्यान्‌पिढ्या येत असल्यासारखी.

शेवटी रेकॉर्ड रूमचे बाबू नीळकंठ तिवारी भेटले. वयस्क, सभ्य गृहस्थ. शमिकाचं नाव सांगितलं तशी त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. ती फाइल सापडत नाही म्हणाले. खोटं बोलत होते, ते लगेच कळत होतं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा सिलोदा. वरच्या साहेबांकडे तक्रार करीन असं मी तिवारीजींना स्पष्ट सांगितलं. तेव्हा ते मला बाहेर कडुनिंबाखाली घेऊन गेले. फाइल आहे म्हणाले, पण तिची नक्कल करायला कुणी बसत नाही. जो बसला तो अर्ध्यात उठला. एकानं बदलीच करून घेतली.

"मैडम, उस बस्ते में कोई औरत बोलती है," ते म्हणाले. "आपकी बोली में."

मी हसले. काम टाळायच्या अनेक तऱ्हा ऐकल्या होत्या, ही नवी होती. उद्या मी स्वतः बसून नक्कल उतरवते, तुम्ही फक्त ताडून शिक्का मारा, असं ठणकावून आले.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

फाइलीचा बस्ता त्यांनी व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवला आणि स्वतः दाराशी उभे राहिले. लख्ख ऊन होतं. समोर पक्षकारांची वर्दळ होती.

जबाब एका पानाचा. नायब तहसीलदारानं हिंदीत लिहिलेला. चहा करताना स्टोव्ह भडकला, पदर पेटला, कुणाचा दोष नाही, सासरची माणसं चांगली आहेत. खाली अंगठा. त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ: जखमी स्त्री मराठीत बोलते, तिची आई मनोरमा हिने हिंदीत सांगितल्याप्रमाणे लिहिले.

मी ती ओळ दोनदा वाचली. जबाब शमिकाचा नव्हताच. लेकीनं काय सांगितलं ते तिथल्या कुणालाच कळत नव्हतं. कळत होतं फक्त आईला.

मी उतरवायला लागले. 'स्टोव्ह' हा शब्द लिहिला आणि अगदी कानाशी, घशात राख अडकावी तशा आवाजात कुणीतरी म्हणालं, "मी असं नव्हते म्हणाले."

मागे कुणी नव्हतं. जळलेल्या केसांचा वास आला. पुन्हा तेच. मग, "आई, नीट सांग ना त्यांना. ह्यांनी मला धरलं. सासूनं रॉकेल ओतलं. आई, नीट सांग."

तिवारीजींनाही ऐकू येत होतं. ते पांढरेफटक पडले होते. इतकी वर्षं ऐकतोय, अर्थ लागत नाही, म्हणाले. मग हात जोडून त्यांनी विचारलं, "क्या कह रही है, बेटी?"

माझ्या तोंडून निघालं, "कुछ नहीं."

का म्हणाले मी असं? घाबरले म्हणून. लवकर सुटायचं होतं म्हणून. जबाब होता तसा उतरवला, शिक्का घेतला आणि बस गाठली.

वास बसमध्येही होता.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

ती इथं आहे. ऑफिसात साधा वकालतनामा भरत होते. पेन टेकवलं की सुरू होते. मी असं नव्हते म्हणाले. रागावून नाही, अजिजीनं. हेच सहन होत नाही.

सरांना सगळं सांगितलं, आवाजाचं सोडून. ते म्हणाले, निर्दोष सुटलेल्यांवर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालत नाही. अपिलाची मुदत कधीच गेली. नवरा आता सिलोद्यातलं मोठं प्रस्थ आहे. कोर्टाला कागद लागतो, आणि कागदावर स्टोव्ह आहे.

"नक्कल बाईंना देऊन टाक," म्हणाले. "मोकळी हो."

मोकळी!

२५ नोव्हेंबर, सोमवार

मनोरमाबाईंकडे गेले. नक्कल त्यांनी वाचली नाही, थेट पिशवीत घातली. होशंगाबादला जाऊन नर्मदेत सोडणार होत्या. सोडली की शमिका बोलायची थांबेल, असं कुणी महाराजांनी सांगितलं आहे. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. अठरा वर्षं त्याही ऐकताहेत.

मी विचारलं, तुम्ही असं का केलंत? त्या शांतपणे बोलल्या. शमिकाचा अमेय तेव्हा तान्हा होता. सासरच्यांनी दवाखान्याच्या जिन्यातच सांगितलं, आमचं नाव घेतलंत तर नातू कधी दिसणार नाही. धाकटीचं लग्न ठरलेलं. शमिका तर जाणारच होती, डॉक्टरांनी सांगितलं होतं. जाणारीचं बघायचं की राहणाऱ्यांचं?

अमेय कुठे आहे, विचारलं. माहीत नाही म्हणाल्या. त्यांनी एकदाही दाखवला नाही.

मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मंगळवारपासून माझ्याकडे आली नाही गं. किती वर्षांनी झोप लागली मला. तुझ्याकडे येते का?"

आणि हसल्या. खरंच, सुटकेनं हसल्या.

२७ नोव्हेंबर

हाताला फोड आले आहेत. लिहिणाऱ्या हाताला.

तिनं आज सगळं सांगितलं. मी मराठीत, तिच्याच शब्दांत लिहून काढलं. कुणी धरलं, कुणी ओतलं, काडी कुणी ओढली. शेवटी आई कॉटशी बसली होती आणि ती आईकडे बघत होती, साहेब लिहिताहेत म्हणून धीर आला होता तिला.

तो कागद घेऊन सिलोद्याला गेले. खिडकीवर म्हणाले, निकाली प्रकरणात नवीन काही घेत नाही. टपालात द्या. टपालवाला म्हणाला, जबाब देणारी कुठे आहे? ती स्वतः आली पाहिजे.

मी म्हणाले, आली आहे.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

तिवारीजींना शोधून जबाब हिंदीत सांगितला, शब्दन्‌शब्द. ते रडले. पण रडून काय — त्यांच्या हातात तरी काय आहे —

२८ नोव्हेंबर

थांबली नाही. मला वाटलं होतं लिहिलं की —

आता वेगळं म्हणते. आईला विचार. आईनं सांगायला हवं. तिच्या तोंडून.

जेवण जात नाही. सगळ्याला रॉकेलची चव —

२९ नोव्हेंबर, दुपार

इंद्रपुरी. मनोरमाबाईंच्या दारात बसून लिहिते आहे.

त्यांना म्हणाले, एकदा खरं सांगा आणि खाली सही करा, बस्स. नाही म्हणाल्या. धाकटीच्या घरी कळेल म्हणाल्या. इतक्या वर्षांनी! मला बाहेर काढून दार लावलं.

आणि मग कानाशी एकदम शांत झालं. ती माझ्याजवळून उठली. स्पष्ट कळलं. माझा हात गार पडला.

आत आहे आता.

दाराच्या फटीतून धूर — कडी तापली आहे, हात लावता येत नाही. शेजारचे फायर ब्रिगेडला फोन करताहेत, दोघं दारावर पहार मारताहेत, दार हलत नाही —

मनोरमाबाई ओरडत नाहीत. बोलताहेत. सावकाश, एकेक शब्द थांबून, कुणी लिहून घेत असावं तसं. माझा हात माझ्या मनानं चालत नाही, मला उठायचं आहे, मला दार —

लिहिते आहे. त्या म्हणतात, मी मनोरमा, शुद्धीवर आहे. स्टोव्ह नव्हता. माझी मुलगी मला सगळं नीट म्हणाली होती, तिनं तीनदा सांगितलं, आणि मी साहेबांकडे वळून —