तुमचा लायलॅक, माझा बकाण

यवतमाळ, चैत्र १९६२

अहो,

वर 'प्रिय' लिहून खोडलं. तुमच्यासमोर कधी तुमचं नाव घेतलं नाही, आता कागदावर कुठून धीट व्हायचं? पण उद्या सकाळी तुमचं झाड तुटणार आहे, आणि ते माझ्यामुळे. तुम्हाला सांगितल्याशिवाय घास उतरायचा नाही.

आठवतं, पुसदहून एस.टी.नं येताना डब्यातलं ते रोप मांडीवर घेऊन बसला होतात? तिथल्या साहेबांच्या बंगल्यावरच्या माळ्यानं त्याला लायलॅक म्हटलं. झालं, तुमच्यासाठी ते थेट विलायतेहून आलं! मी पान पाहिलं आणि म्हटलं, अहो, हा तर बकाण, आमच्या बाभुळगावला बांधावर उगवतो. सासूबाई म्हणाल्या, दिसतो कडुनिंबासारखा, पण पाडव्याला याचा पाला चालायचा नाही, काय कामाचा? तुम्ही रुसलात. पण न्हाणीचं पाणी चर खणून त्याच्याकडे वळवलंत, बकऱ्यांनी खाऊ नये म्हणून बोराटीच्या काट्यांचं कुंपण केलंत.

"एकदा तरी लायलॅक म्हण व," असं किती विनवायचात. मी मुद्दाम बकाणच म्हणायची. तुम्हाला चिडवायला बरं वाटायचं हो.

मागच्या आषाढात तुम्ही गेलात आणि या चैत्रात त्याला पहिल्यांदा फुलं आली. फिकट जांभळे घोस, अंगणभर वास. एवढी काय घाई होती तुम्हाला?

आज सकाळी अंगण झाडताना हात वर गेला, एक घोस तोडला आणि अंबाड्यात खोचला. तेवढा वेळ तुम्ही नाहीत हे मी विसरलेच होते. तशीच नळावर गेले. बाया एकदम चूप झाल्या तेव्हा कळलं. मागून सासूबाई आल्या, कुसुमचा हात धरून.

"काहून व, डोक्यात हे काय?"

माझ्या तोंडून निघालं, "कुसुमनं खोसलं असन."

आपली कुसुम! सगळ्यांदेखत आजीचा धपाटा खाल्ला तिनं. मी नाही केलं, एवढंही बोलली नाही. नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी घागर उचलून घराकडे चालू लागले.

सासूबाई म्हणाल्या, पोरीला असलं सुचतं ते त्या झाडापायी. कुऱ्हाडवाल्याला उद्या सकाळी यायचा निरोपही गेला. मी खाली मान घालून भाकरी थापत राहिले. तुम्ही असता तर काय म्हणाला असता? काही नाही, नुसतं पाहिलं असतं. पोरगी तुमच्यावरच गेली आहे.

पण आता शब्द देते. उद्या नळावर त्याच बायांसमोर सासूबाईंना सांगेन, फूल मी तोडलं, मीच खोचलं, कुसुमचा तर हातही पोचत नाही तिथवर. मग काय बोलायचं ते बोलू देत. आणि कुऱ्हाडवाला आला की झाडाला पाठ लावून उभी राहीन. त्याला म्हणेन, लायलॅक तोडायचा नाही.

तुमची,
सुमती