प्रत्येक लूपला नवा इटरेटर

मॅडम, आज वर्गात मी स्वतःचा इटरेटर, म्हणजे यादीतली एकेक गोष्ट क्रमानं हातात देणारा कोड, कसा लिहायचा ते शिकवलं. उदाहरण तुमचंच घेतलं, तामसी ते आदिलाबाद बसच्या थांब्यांचं. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तयार लिस्ट असताना हे काऊन लिहायचं?" मी तुमचंच उत्तर दिलं, "लिस्ट आतून कशी चालते, ते कळलं पायजे म्हणून." तिनं मान हलवली. तास संपला.

मी तुमच्याकडे शिकत होते तेव्हाचं आठवतं. तुमच्या लॅबमध्ये मी बसले आहे. बसच्या मार्गाचा क्लास, म्हणजे कोडमधला साचा, लिहिलाय आणि आपण कितव्या थांब्यावर आहोत तो आकडाही त्यातच ठेवलाय. सगळे थांबे एकेक करून घेणारा एक लूप नीट चालतो. त्याच्या आत दुसरा घातला, की आतला उरलेले थांबे संपवतो आणि बाहेरचाही तिथंच संपतो. तुम्ही स्क्रीन बघता आणि सगळ्यांसमोर म्हणता, "दोन प्रवासी, अन् तिकीट एकच काऊन काढलं? रस्ता एकच असू दे. कोण कुठवर पोचलं, ते ज्याचं त्याच्याजवळ पायजे." मला लाज वाटली. मग जेवायला न जाता तुम्ही शेजारी बसलात. मी इटरेटरचा वेगळा क्लास केला, आकडा त्यात नेला, आणि मार्गाकडे मागितलं की दर वेळी नवा इटरेटर मिळेल असं केलं. दोन्ही लूप शेवटपर्यंत गेले.

शेवटच्या वर्षी बाबांनी माझं लग्न ठरवून कॉलेज बंद केलं. तुम्ही बसनं थेट आमच्या वांग्यांच्या वावरात आलात. बाबा म्हणाले, "मॅडम, तुमी एवढ्या शिकल्या, पण भाजी तं इकतच घ्या लागते ना?"

"हो ना," तुम्ही तुमच्या तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणालात. "माझ्या पगारातून घेते. नवऱ्याला मागत नाही."

आई तोडणी थांबवून तुमच्याकडे बघत राहिली. बाबांनी वांग्यांची टोपली बांधावर नेऊन ठेवली. मग म्हणाले, "परीक्षा होऊ द्या. मंग पाहू." लग्न आधी पुढं गेलं, नंतर मोडलं.

प्रॅक्टिकलच्या सकाळी कॉलेजच्या फाटकापाशी कळलं, तुम्ही गेलात. झोपेतच, असं कोणी तरी म्हणालं. मी आत गेले. मला इटरेटरचाच प्रश्न आला. प्रोग्राम लिहिला, चालला. बाहेर येऊन डबा खाल्ला आणि बसनं घरी आले. आई रडली. मी भांडी घासली. पुढं कधी तरी रडू येईल असं वाटायचं, मग तेही वाटेनासं झालं.

हे पाठवायला पत्ता नाही, तेव्हा इथंच थांबते. एवढंच सांगायचं होतं, की तुमची वाक्यं मी वर्गात जशीच्या तशी बोलते, पण तुमचा आवाज मला आता आठवत नाही.