भावाभावांतला कागद

दादा,

मी दिवाळखोरीचा अर्ज करतोय. पहिला वकील म्हणाला, "शिलाई मशिनं भावाच्या नावावर करून टाका, कोर्टाला पत्ता लागणार नाही." तुझ्या नावावर, म्हणे. मी तिथून उठलोच. दुसऱ्या वकीलबाईंनी माझी सगळी देणी लिहून घेतली आणि विचारलं, "आता तुमचं कुणाकडे येणं आहे?"

"कुणाकडे नाही," मी म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "शपथेवर सही करायची आहे. खोटं निघालं तर मी तुमचं काम बघणार नाही."

मग तुझ्या दुकानात घातलेले माझे पैसे सांगितले. भावाभावांत कागद कशाला, असं तूच म्हणाला होतास. आता झालाय कागद. हे पत्र मी टाकणार नाही. कोर्टाची नोटीस येईल, पत्ता मीच दिलाय.

तुझा धाकटा