गोदामातला फोटो

कारंजा, एप्रिल १९७१

पन्नालाल,

आशीर्वाद लिहायचा असतो, पण आज तो माह्या हातून उतरत नाही.

माह्या नातवानं, कैलासचंदनं, दिवाळं निघालं म्हणून कोर्टात नादारीचा अर्ज टाकला, तवापासून त्याले कोणी दुकानाच्या पायरीवर उभं करत नव्हतं. तू मात्र घरी आला. "मावशी, आपलं पोरगं उपाशी कायले ठेवू?" म्हणाला अन् कामरगावच्या कापसाच्या गोदामाच्या किल्ल्या त्याच्या हाती दिल्या. सून तुह्या पाया पडली. मले मात्र पटलं नाही. फुकटात तू आजवर कोणाले पाणी पाजलं नाही.

काल जेवताना कैलास सहज बोलला, "आजी, पन्नाकाकानं गोदामाचा विमा वाढवला. अन् भगवंताचा फोटो घरी नेला. म्हणे, धूळ बसते."

धूळ तं वीस वर्सं बसून राह्यली. कापूस जाळाले तू भेत नाही, देव जाळाले भेतो. अन् जळाल्यावर लोक म्हणतील, ज्याचं दिवाळं निघालं त्यानंच केलं.

कैलासले सांगितलं तं म्हणे, "एक नोकरी भेटली, तीही सोडू काय?"

हे पत्र मी टाकत नाही. वाचून तू फोटो परत लावशील, मंग माहं कोण ऐकल? उद्या पहिल्या एसटीनं मीच येते. गोदामातच अंथरूण टाकीन.

देवाले तू बाहेर नेलं. मावशीले नेशील का तिथंच राहू देशील, ते मले सांगता येत नाही.

तुह्या आईची बहीण,
राजमती